जिन्यावरचा पथ्यकर

सामान हलवण्याच्या धंद्यात माणूस एकटा धरत नाहीत, जोडी धरतात. कपाट असो, शिवणयंत्र असो की लोखंडी पलंग, त्याला दोन टोकं असतात आणि जिन्यावर त्यातलं एक खाली असतं. खालच्याच्या अंगावर वजन येतं. वरच्याच्या हातात पट्टा असतो. उतरताना खालचा उलटा चालतो, पायरी पायाने चाचपतो, आणि डोळ्यांसमोर सामानाशिवाय त्याला काही दिसत नाही. तो वरच्याच्या हातांवर जगतो. हे ज्याला कळत नाही त्याने उशा आणि गाद्या उचलाव्यात.

ही गोष्ट ज्या गोदामातली, तिथली सगळ्यात जुनी जोडी होती एका बुटक्याची आणि एका उंच माणसाची. बुटक्याला सगळे पथ्यकर म्हणत. हे आडनाव त्याला आईबापांनी दिलेलं नव्हतं, ट्रकच्या ड्रायव्हरने दिलं होतं, आणि ते इतकं चिकटलं की हजेरी घेताना मुकादमाच्या तोंडीही तेच यायचं. उंच माणसाला वेगळं नाव नव्हतं. तो पथ्यकरचा जोडीदार.

पथ्यकर व्हायच्या आधी हा गडी बघण्यासारखा होता. रुंद, आखूड, मानेऐवजी खांदेच डोक्याला जोडलेले. दुपारी पाव, लोणी, उकडलेले बटाटे आणि अंडी यांचा फडशा पाडायचा आणि उठून कपाट पाठीवर घ्यायचा. खाल्लेलं अंगाला लागायचं आणि अंग कामाला लागायचं. मधे काही वाया जात नव्हतं.

मग एकदा एका कामावर तो धापा टाकत पायरीवर बसला. डॉक्टरने रक्त तपासलं. साखर वाढली आहे, चरबी वाढली आहे, गोड आणि तळलेलं कमी करा, असं सांगितलं. त्याने कमी केलं. पोट उतरलं, धाप गेली, चेहरा तरतरीत दिसायला लागला. मुकादम बाकीच्यांना म्हणायला लागला, "बघा जरा त्याच्याकडे. नाहीतर तुम्ही, पिंपं नुसती." जोडीदारानेही घरी जाताना तळलेलं खायची सवय सोडली. इथे तो थांबला असता तर शहाणा माणूस म्हणून नाव राहिलं असतं, आणि सांगण्यासारखं काही उरलं नसतं.

पण कौतुक करणारे हळूहळू थकले आणि याला तर ते रोज हवं होतं. फोनमध्ये त्याला एक गुळगुळीत माणूस सापडला. टक्कल चकचकीत, दात त्याहून चकचकीत. तो सांगायचा, मीठ म्हणजे विष, दूध म्हणजे पू, गव्हाच्या पिठाची आतड्यात खळ होते. पथ्यकर हे ऐकायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, बाकीचे खात असताना, जसंच्या तसं सुनवायचा. आधी साखर गेली, मग मीठ, मग दूध, मग पाव. मग फळंही गेली, कारण तीही गोडच. तेल तर घरातूनच हद्दपार झालं.

"मग तू खातोस काय, हवा?" ड्रायव्हरने विचारलं.

"हवापण गाळून घ्यायला हवी," पथ्यकर म्हणाला. ड्रायव्हर हसला. पथ्यकर हसला नाही. पुढच्या आठवड्यात तो नाकाला फडकं बांधून आला.

ट्रकच्या पुढच्या बाकावर तिघं बसत. ड्रायव्हर, मधे पथ्यकर, दाराशी जोडीदार. दुपारी पथ्यकरचा डबा उघडला की बंद काचांच्या आत उकडलेल्या कोबीचा वास भरायचा, ओल्या पायमोज्यासारखा. कोबी आणि मोड आलेली कडधान्यं, त्यात मीठ नाही की काही नाही. एक घास तो डोळे मिटून चघळत बसायचा. घासाचं पाणी होईपर्यंत चावायचं, असं गुळगुळीत माणसाने सांगितलं होतं. ते पाणी गालातून गालात फिरायचं त्याचा आवाज यायचा. मग घशाचा मणी वर जायचा, खाली यायचा. जोडीदार काचेबाहेर बघत बसायचा. आपला पाव त्याला हातात जड लागायचा.

जेवण झालं की पथ्यकर खिशातून तांब्याची पट्टी काढून जीभ खरवडायचा. निघालेलं पांढरं पट्टीवर धरून दाखवायचा. "हे बघ. हे आतलं विष. रोज निघतंय."

"ठेव ते," जोडीदार म्हणायचा.

"तुझी खरवडली तर किती निघेल, विचार कर."

शौचाचं तर तो हवापाणी सांगावं तसं सांगायचा. रंग कसा, तरंगतं की बुडतं. एकदा ड्रायव्हरने घास खाली ठेवला.

"अरे, मी जेवतोय."

"म्हणूनच सांगतोय. तुझं बुडत असणार."

ड्रायव्हर रागीट माणूस नव्हता. त्याने पाव कागदात गुंडाळला आणि ट्रकच्या मागे जाऊन उभ्याने खाल्ला. त्या दिवसापासून तो तिथेच खायला लागला.

अंगाचं काय झालं ते लपण्यासारखं नव्हतं. गाजराचा रस तेवढा पथ्यात बसायचा, त्याने तळहात पिवळे पडले. पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. टोपी काढली की आत केस चिकटलेले असायचे. हातांवर मात्र बारीक, मऊ लव उगवली होती, पिकलेल्या फळावर बुरशी धरते तशी. तोंडाला सडक्या सफरचंदाचा वास यायचा. भर उन्हात तो स्वेटर घालायचा. आणि असा माणूस दुसऱ्यांकडे बघून नाक मुरडायचा. गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरातली भांडी बांधायची वेळ आली की दोन बोटांनी तेलाची बाटली उचलायचा, मेलेला उंदीर उचलावा तशी.

याची शिसारी जोडीदाराला येत होती. पण शिसारी आली म्हणून कोणी जोडी मोडत नाही. घामाचा वास, तंबाखूची पिंक, पादणं, हे सगळं या कामात चालतं. चालत नाही ती एकच गोष्ट. हात ढिला पडणं.

आणि हात ढिले पडायला लागले होते. खाली असला की पथ्यकरच्या मांड्या थरथरायच्या. ती थरथर लाकडातून वर जोडीदाराच्या बोटांपर्यंत पोचायची. नियम असा की जोडीने आलटून पालटून खाली जायचं. एका मजल्याला एक, दुसऱ्या मजल्याला दुसरा. जोडीदाराने नियम मोडला. "तू वर राहा," तो म्हणाला, "खालचं मी बघतो." मुकादमाने विचारलं तेव्हा सांगितलं की पथ्यकरचा गुडघा धरलाय.

त्याला वाटलं आपण दया केली. वर हलकं असतं, हे खरंच आहे. पण वरचा माणूस दमला तर त्याचं वजन घ्यायला खाली दुसरा उभा असतो, म्हणून ते हलकं. खालचा दमला तर तो "टेक" म्हणतो आणि वरचा पट्ट्यावर धरून ठेवतो. वरचा एकाएकी कोसळला तर मधे धरायला कोणी नाही. इतकी वर्षं जिने तुडवलेल्या माणसाला हे सांगावं लागू नये. पण रोजच्या जोडीबद्दल माणूस असा विचार करत नाही. आपला उजवा हात आपल्याला सोडून जाईल असं कुणाच्या मनात येत नाही, तसंच ते.

एका सकाळी गोदामाच्या फाटकाशी पथ्यकरची बायको उभी होती. सारखी भांडी धुऊन हाताला भेगा पडल्या होत्या, त्यावर मलमाच्या पट्ट्या होत्या.

"भावजी, जरा बोलायचं होतं. तुमच्यासमोर काही खातात का हे?"

"कोबी खातो की. डबाभर."

"अस्सं," ती म्हणाली. "घरी काहीच खात नाहीत. म्हणतात, कामावर सगळ्यांबरोबर पोटभर जेवलो."

"आम्हाला म्हणतो, सकाळी घरून भरपूर खाऊन निघतो."

 म्हणजे दिवसभरात तेवढाच तो डबा, वर गाजराचा रस. त्यावर हा माणूस कपाटं उचलत होता.

"तुमचं ऐकतील ते," ती म्हणाली. "माझं म्हणजे काय, मी त्यांना विष घालणारी."

"बोलतो मी वहिनी."

तो बोलला. पण कसं, तर ट्रकमध्ये, काचेबाहेर बघत, दोन वाक्यं. "जरा खात जा रे. वहिनी काळजी करतायत." पथ्यकर म्हणाला, "तुझ्या पोटात काय सडतंय ते आधी बघ." आणि जोडीदाराने विषय सोडला. मेहनत नको असली की माणूस विषय सोडतो. दिवसभर ओझी वाहणाऱ्याला हे एवढं ओझं उचलवलं नाही.

मग तो टब आला.

एका म्हातारीचं घर. निवृत्त शिक्षिका, वरच्या मजल्यावर एकटी राहायची, आता लेकीकडे जाणार होती. घर रिकामं करायचं होतं आणि न्हाणीघरातला ओतीव लोखंडाचा टब खाली आणायचा होता. असे टब आता कोणी करत नाही. आतून गुळगुळीत पांढरा मुलामा, बाहेरून खडबडीत, आणि धरायला काठाशिवाय काही नाही. जोडीदाराने टबाचे पाय सोडवून काढले, टब घोंगडीत गुंडाळला, खालून पट्टे घेतले. पथ्यकर भिंतीला टेकून उभा होता. त्या दिवशी त्याने डबाही आणला नव्हता. आतडी धुवायचा दिवस होता म्हणे. कोमट पाणी आणि लिंबू, बस.

"उद्या करू का?" ड्रायव्हरने हळूच विचारलं.

जोडीदाराने पथ्यकरकडे पाहिलं. पथ्यकर म्हणाला, "मी तुम्हा सगळ्यांपेक्षा हलका आहे, मला काय होतंय." पट्टा त्याने खांद्यावर घेतलासुद्धा. जोडीदार खाली गेला.

पहिला उतार नीट गेला. टब घसरत नव्हता, टेकत टेकत येत होता. वळणाच्या जरा वर जोडीदार म्हणाला, "धर." यावर वरच्याने "धरलं" म्हणायचं असतं. त्याशिवाय खालचा पाय हलवत नाही.

उत्तर आलं नाही.

त्याने मान वर केली. काठाच्या वर त्याला फक्त पथ्यकरची पिवळी बोटं दिसली. ती निसटली नाहीत. नुसती उघडली, झोपलेल्या पोराची मूठ उघडते तशी. मग पट्टा सैल पडला आणि टब आला.

जोडीदार मागे फेकला गेला, पाठ वळणाच्या भिंतीवर आदळली आणि काठ छातीवर बसला. आत काहीतरी ओल्या काटकीसारखं मोडलं. टबाचं वरचं टोक कठड्यात अडकलं, गज वाकले पण तुटले नाहीत. ते तुटले असते तर ही गोष्ट जोडीदाराच्या बायकोला कोणीतरी वेगळ्या शब्दांत सांगितली असती. त्याला ओरडायचं होतं, पण ओरडायला श्वास लागतो. खालून ड्रायव्हर धावत आला, त्याने काठाखाली खांदा घातला. शेजारचे दोन पुरुष आले. सगळ्यांनी मिळून टब उचलून धरला आणि जोडीदाराला बाहेर ओढलं.

पथ्यकर वरच्या पायरीवर घडी घातल्यासारखा पडला होता. म्हातारीने त्याच्या तोंडावर पाणी मारलं. शिक्षिका बाई, त्यांना सगळं येतं. तिने साखर घातलेला चहा आणला, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि कप ओठांना लावला. दोन घोट गेले. डोळे उघडले.

"साखर आहे यात?"

"आहे बाळा. पी. बरं वाटेल."

त्याने तोंडातला घोट थुंकला. थोडा तिच्या साडीवर पडला, बाकीचा घोंगडी सरकून उघड्या पडलेल्या टबाच्या मुलाम्यावर. चहा आणि लाळ, तपकिरी, तारेसारखी चिकट, त्या पांढऱ्यावरून ओघळत खाली आली. जोडीदार वळणावर आडवा पडला होता, छाती दोन्ही हातांनी धरून. त्याला तो ओघळ सरळ आपल्याकडे येताना दिसत होती. पथ्यकर शर्टाच्या बाहीने जीभ पुसत बसला होता. पुसायचा, बघायचा, परत पुसायचा. खाली कोण पडलंय, जिवंत आहे की गेलंय, हे त्याने विचारलं नाही. एकदाही नाही.

जोडीदाराला तिथेच उमासा आला. मोडलेल्या बरगड्यांनी ओकणं काय असतं ते ज्याचं त्याला ठाऊक.

बरगड्या बांधून तो घरी पडून राहिला. हसायचं नाही, खोकायचं नाही, उचलायचं नाही. मुकादम भेटायला आला, खुर्ची ओढून बसला.

"तो म्हणतो टब ओला होता."

"कोरडा होता. मी पुसला होता."

"मला वाटलंच." मुकादमाने टोपी गुडघ्यावर ठेवली. "हे बघ, जोडी तुझी. मी वरून काही बोलणार नाही. तू उभा राहिलास की तो तुझ्याबरोबर येईल, तू नको म्हणालास तर नाही येणार. दुसरं कोणी त्याला घेणार नाही, हे तुलाही माहीत आहे. म्हणजे त्याचं काम संपलं. विचार करून सांग."

जोडीदाराने विचार केला. घरात बसला तर पथ्यकर दिवसभर तो फोन आणि कोबीचं पातेलं घेऊन बसणार. कामावर निदान चार माणसं दिसतात. पण घेतलं तर परत पट्ट्याच्या वरच्या टोकाला ती पिवळी बोटं. त्याने ठरवलं की स्वतः जाऊन बघायचं. चालता यायला लागल्यावर तो पथ्यकरच्या घरी गेला. जिना कठडा धरून, एकेका पायरीला थांबत चढला.

दार उघडताच सिरक्याचा आंबट वास नाकात शिरला. स्वयंपाकघर दवाखान्यासारखं पांढरं आणि गार होतं. खिडकीत बरण्या, त्यात मोड आलेलं काहीतरी, पांढऱ्या अळ्यांसारखं. ओट्यावर वजनकाटा. मांडणीवर मधोमध चिकटपट्टीची रेघ, एका बाजूला त्याची भांडी, दुसऱ्या बाजूला रिकामं. पथ्यकर नळाखाली दातांच्या ब्रशने एकेक शेंग घासत होता.

"बस," तो म्हणाला. "हात धुतलेस?"

जोडीदार बसला. हात धुतले नाहीत.

"माझ्या बरगड्या कशा आहेत ते विचार."

"बऱ्या होतील. हाडं आपोआप जुळतात. फक्त दूध पिऊ नकोस."

वहिनी दारात उभी होती.  जोडीदार म्हणाला, "मुकादमाने माझ्यावर सोडलंय. तुला परत घ्यायचं की नाही ते. मी घेतो. माझ्यासमोर एक अंडं खा. उकडलेलं, तेल नाही, मीठ नाही. एक. मग उद्याच जाऊन सांगतो."

शेंग घासायची थांबली. "एकच?"

"एकच."

"अंडं आहे का घरात?" जोडीदाराने वहिनीला विचारलं.

"घरात नसतं," ती म्हणाली. "शेजारच्या बाईंकडे ठेवते. माझं जेवणही तिकडेच असतं, जिन्यावर बसून. इथे तेलाचा वास यांना चालत नाही." हे तिने भाव न दाखवता सांगितलं, किराणा कुठे मिळतो ते सांगावं तसं. मग ती गेली आणि अंडं उकडून घेऊन आली.

पथ्यकर टेबलाशी बसला. त्याने अंडं सोललं, नळाखाली धुतलं, परत धुतलं. मधोमध कापून पिवळं चमच्याने खरवडून बशीच्या कडेला सारलं. जोडीदाराने तेवढं चालवून घेतलं. पांढरं तरी जाऊ दे. पथ्यकरने एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. जबडा चालायला लागला. कपाळावर घाम आला. डोळ्यांतून पाणी आलं. दुसरा तुकडा. गाल फुगले. जबडा चालतच राहिला, ओठांच्या कोपऱ्यात पांढरा चुरा जमला. घशाचा मणी मात्र हलत नव्हता. जोडीदार तेवढंच बघत होता, त्याच्या घशाकडे, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली की एका मोठ्या माणसाच्या घशावर आपण पहारा ठेवून बसलोय.

शेवटचा तुकडा आत गेला. पथ्यकर उठला, ओठ घट्ट मिटून मोरीकडे निघाला. हाताने खूण केली, झालं.

"तोंड उघड," जोडीदार म्हणाला.

तो उभा राहिला.

"उघड. बघू दे."

त्याने उघडलं. दोन्ही गालांत सगळं अंडं तसंच होतं, चावून चावून झालेला पांढरा लगदा, हिरड्यांना चिकटलेला, लाळेत भिजलेला. वास आला. मग त्याने तो लगदा ओंजळीत थुंकला आणि ओंजळ तशीच धरून खुर्चीत बसला. जोडीदाराने मान फिरवली, पण फिरवायच्या आधी त्याने पाहिलं होतं.

"मला भूक लागते रे," पथ्यकर म्हणाला. आवाज एकदम साधा होता, जुन्या दिवसांतला. "सारखी लागते. रात्री तर पाव दिसतो नुसता. पण तोंडाजवळ आलं की ते... मेलेलं वाटतं. कोणीतरी आधी खाल्लेलं वाटतं."

"हा आजार आहे. डॉक्टर आहेत याचे. पोटाचे नाही, मनाचे. मी येतो तुझ्याबरोबर. आत्ता चल."

हे बोलताना जोडीदाराने पहिल्यांदा खरोखर जोर लावला होता. पथ्यकरनेही एक क्षण त्याच्याकडे माणसासारखं पाहिलं. मग त्याची नजर आपल्या ओंजळीवर गेली, नळाकडे गेली, आणि तो उठला.

"मी आजारी नाही. आजारी तुम्ही आहात, तुम्हाला कळत नाही." नळ सुरू झाला. "टब ओला होता."

जोडीदार छातीला हात लावून उठला. उठायला वेळ लागला. दाराशी तो थांबला. "वहिनी, मी मुकादमाला नाही म्हणून सांगणार आहे. तुम्हाला आधी सांगतो, नंतर दुसऱ्याकडून कळायला नको."

ती टेबलाजवळ आली आणि खुर्चीत बसली. "सांगा," ती म्हणाली. "दुसऱ्याचा जीव घेऊन मिळणारं काम नको मला. मी बघते यांचं. माझ्या भावाला बोलावते, उचलून न्यावं लागलं तरी नेते." मग तिने बशीच्या कडेचं पिवळं उचललं आणि तोंडात टाकलं.

"बाहेर जाऊन खा," नळाजवळून पथ्यकर म्हणाला.

"नाही," ती म्हणाली आणि चावत राहिली.

जोडीदार खाली उतरला. दुसऱ्या दिवशी त्याने गोदामात जाऊन सांगितलं. मुकादमाने मान डोलावली आणि भिंतीवरच्या फळीवरून एक नाव पुसलं. एवढंच झालं.

वहिनीने बोललेलं खरं केलं. तिने भावाला बोलावलं, दोघांनी पथ्यकरला दवाखान्यात नेऊन टाकलं. तिथली खबर ड्रायव्हरने आणली. तो ट्रक चालवता चालवता सांगत होता. "सलाईन लावायला घेतलं तर नर्सला विचारतो, यात साखर आहे का. ती म्हणाली, आहे. याने सुई ओढून काढली. मग हात बांधून ठेवले त्याचे."

"मग?"

"मग काय. बांधलेत तोवर जातंय आत. वहिनी उशाशी बसून असते. डॉक्टर म्हणाले, हृदयसुद्धा बारीक झालंय. अंगाने अंगच खाल्लंय म्हणे." ड्रायव्हरने गिअर बदलला.  

जोडीदार एकदा भेटायला गेला आणि दारातूनच परत फिरला. पलंगाला बांधलेले ते हात त्याला बघवले नाहीत. पिवळे, लव उगवलेले, बोटं उघडलेली. दया येत होती, पण किळस तिच्या आधी पोचत होती, आणि ते त्याच्या हातात नव्हतं.

मुकादमाने त्याला नवा गडी दिला. ढेरपोट्या, घामट, गळ्यावर मळाच्या वळ्या. दुपारी कच्चा कांदा आणि पाव खायचा, बोटं चाटायचा, चाटलेली बोटं विजारीला पुसायचा. ड्रायव्हर परत ट्रकच्या पुढच्या बाकावर जेवायला लागला, पण खिडकी उघडी ठेवून. जोडीदारही खिडकीशीच बसायचा.

पहिलं जड काम आलं ते शिसवी लाकडाचं कपाट. जोडीदार खाली गेला. बरगड्या अजून ओढत होत्या. खालचं टोक हातात घेताना त्याच्या तळव्याला घाम आला, जो याआधी कधी आला नव्हता. वळण आलं. त्याचा पाय हवेत थांबला.

"धर," तो म्हणाला.

वरून आधी एक लांब, ओली ढेकर आली. कांद्याचा वास कपाटावरून उतरत सरळ त्याच्या तोंडावर आला. त्याने नाक आक्रसलं.

"धरलं," वरून आवाज आला. पट्टा ताठ होता.

जोडीदाराने श्वास रोखून धरला आणि पाय खाली टेकला.